मुलांमधील मधुमेह : आधी निदान, मग प्रकार



शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील आरोग्य केंद्रांत रक्तातील साखर मोजण्याचे छोटे यंत्र, म्हणजे ग्लुकोमीटर, आता दुर्मीळ राहिलेले नाही. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांच्या तपासणीची योजना झाली आणि त्यानिमित्ताने हे यंत्र खेड्यापर्यंत आले. त्यामुळे टोकावड्याचा किंवा डोळखांबचा पन्नाशीतला शेतकरी आज आपली साखर किती, हे सांगू शकतो. परंतु त्याच गावच्या पाड्यावरील दहा वर्षांचे मूल ओकाऱ्यांनी बेजार होऊन, धापा टाकत दवाखान्यात आणले गेले, तर त्याच्या बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यावा असे सहसा कोणाला सुचत नाही. यंत्र आहे, पट्टी आहे. नाही ती एवढीच जाणीव की, मधुमेह मुलालाही होतो. आजच्या विषयाचे मर्म नेमके येथे आहे.

मधुमेह म्हटला की सुखवस्तू, सुटलेल्या पोटाचा गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. हे चित्र मुलांच्या बाबतीत घातक ठरते. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या संख्येत भारत जगात आघाडीवर आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २००६ साली पंचवीस वर्षांखालील मधुमेहींची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. तिच्यातील सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण टाइप १ चे, तर सुमारे एक-चतुर्थांश टाइप २ चे आढळले. उरलेल्यांत अनेक प्रकार आहेत आणि त्यांतील काही तर असे की, त्यांची नावे तालुक्याच्या ठिकाणी क्वचितच ऐकू येतात. मात्र या नोंदवहीत येण्यासाठी मूल आधी निदानापर्यंत जिवंत पोहोचावे लागते. जी मुले पोहोचलीच नाहीत, त्यांची नोंद कोणत्याही वहीत नसते. ती 'ताप डोक्यात गेला', 'जुलाब-उलटी झाली' अशा कारणांखाली हिशेबातून निघून जातात.

टाइप १ मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. साखर रक्तात साचते. ती बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडे पाणी ओढून घेतात. म्हणून मूल वारंवार लघवीला जाते, रात्री उठते, तांब्यामागून तांब्या पाणी पिते. पेशींना साखर मिळत नाही, म्हणून ते जेवूनही वाळत जाते, खेळताना बसून राहते. लघवी, तहान, थकवा आणि रोडावणे, ही चार लक्षणे काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत एकत्र दिसली, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो मधुमेहच समजावा. अंगणात लघवी केलेल्या जागी मुंग्या लागतात, हे आजीच्या नजरेला दिसते. ते निरीक्षण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्या प्राचीन वैद्यांनीही ते केले होते.

यानंतरचा टप्पा भयंकर असतो. इन्सुलिन नसल्याने शरीर चरबी जाळू लागते, कीटोन नावाची आम्ले रक्तात साठतात. मूल ओकते, पोट धरून रडते, खोल आणि भराभर श्वास घेते, तोंडाला पिकून नासलेल्या फळासारखा वास येतो, मग गुंगी येते. पोटदुखीवरून अपेंडिक्सची, श्वासावरून न्यूमोनियाची, गुंगीवरून मलेरियाची शंका येते. पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत यातील प्रत्येक आजार आसपास असतोच, त्यामुळे चूक सहज घडते. एक खूण मात्र येथे उपयोगी पडते. ओकाऱ्यांनी शरीर कोरडे पडलेल्या इतर मुलाची लघवी कमी होते. मधुमेहाने कोरडे पडलेले मूल तशा स्थितीतही भरपूर लघवी करत असते.

आपल्याकडे अशक्तपणा आला की 'सलाईन लावा' हा आग्रह घरचेच धरतात. बाटलीत काय आहे, हे ना ते विचारतात, ना कोणी सांगते. ती बाटली डेक्स्ट्रोजची, म्हणजे साखरेच्या पाण्याची असेल, तर आधीच साखरेने भरलेल्या रक्तात आणखी साखर ओतली जाते. रुग्णालयातही डेक्स्ट्रोज पुढे द्यावे लागते, पण ते इन्सुलिन चालू झाल्यावर, साखर खाली येऊ लागल्यावर आणि मोजमाप करून. म्हणून ओकणाऱ्या, धापणाऱ्या किंवा गुंगीतल्या कोणत्याही मुलाला बाटली लावण्यापूर्वी साखर तपासणे, हा नियम खासगी दवाखान्यापासून प्राथमिक केंद्रापर्यंत सर्वांनी स्वतःवर घालून घेतला पाहिजे. साखर फार वाढलेली निघाली तर उद्यावर ढकलणे नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आणि थेट बालरोगतज्ज्ञ असलेले रुग्णालय. आम्लाच्या या अवस्थेत द्रव भराभर देण्यानेही मेंदूला सूज येऊ शकते, त्यामुळे हे उपचार अनुभवी हातांनीच करावयाचे असतात.

निदानाचे आकडे सोपे आहेत. लक्षणे असताना कोणत्याही वेळी घेतलेली साखर २०० मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा उपाशीपोटी १२६ किंवा अधिक आली, की मधुमेहाचे निदान होते. ग्लुकोमीटरवर आलेला आकडा प्रयोगशाळेत पडताळतात, पण त्यासाठी आजारी मुलाला ताटकळत ठेवत नाहीत. लक्षणे नसतील तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. तीव्र तापात किंवा झटक्यांत निरोगी मुलाचीही साखर तात्पुरती वाढते आणि स्टेरॉइडच्या औषधांनीही वाढते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही चाचणी ६.५ टक्के किंवा अधिक आली की मोठ्या माणसांत निदान पक्के धरतात. या दोन तालुक्यांत मात्र तिच्यावर एकटीवर विसंबणे धोक्याचे. ठाणे-पालघरच्या वनवासी समाजात सिकलसेलचा दोष आढळतो, आणि लोहाच्या कमतरतेने होणारा पंडुरोग तर घरोघरी आहे. तांबड्या पेशींचे आयुष्यच बदललेले असेल, तर त्या पेशींवर चिकटलेल्या साखरेचा हिशेब चुकतो. सिकलसेलमध्ये तो आकडा खोटा कमी येऊ शकतो, लोहाच्या कमतरतेत खोटा जास्त. तेव्हा येथे साखर प्रत्यक्ष मोजणे, हेच खरे.

आता प्रकारांकडे वळू. प्रकार ओळखण्याचा विचार आपल्या भूमीला नवा नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन वर्ग सांगितले आहेत. एक सहज, म्हणजे जन्मतः आलेला; त्याचा रुग्ण कृश, रुक्ष, तहानलेला. दुसरा अपथ्यातून आलेला; त्याचा रुग्ण स्थूल, खादाड, लोळत पडणारा. पाश्चात्त्य वैद्यकात इन्सुलिनला प्रतिसाद देणारे आणि न देणारे अशी मांडणी हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ साली केली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निरीक्षणाची थोरवी कळते. तथापि अभिमान बाळगताना भान सुटू नये. कृश रुग्ण ओळखता आला, तरी त्याला वाचविण्याचे साधन तेव्हा जगात कोणाजवळच नव्हते. ते ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला प्रथम टोचले गेले. पहिली मात्रा पुरेशी शुद्ध नव्हती. बारा दिवसांनी शुद्ध केलेल्या इन्सुलिनने गुण आला. टाइप १ च्या मुलाला त्या दिवसापासून आजतागायत इन्सुलिनला पर्याय नाही. काढा, चूर्ण, गंडा-दोरा यांपैकी काहीही इन्सुलिन बंद करून देणे म्हणजे मुलाला शंभर वर्षे मागे लोटणे होय.

फसवणूक कोठे होते, तेही पाहिले पाहिजे. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत उरल्यासुरल्या बीटा पेशींना विसावा मिळतो आणि त्या थोडे काम करू लागतात. इन्सुलिनची गरज झपाट्याने घटते. डॉक्टर याला 'हनिमून काळ' म्हणतात. तो काही महिने, क्वचित वर्षभरही टिकतो. नेमक्या याच काळात कोणीतरी 'मुळापासून बरा करणारे' औषध घेऊन येतो, साखर ताब्यात दिसते, घरची माणसे सुई फेकून देतात आणि श्रेय औषधाला जाते. मग एके दिवशी मूल पुन्हा ओकू लागते. आईवडिलांना पहिल्याच दिवशी या काळाची कल्पना दिली, तर हा अनर्थ टळतो.

टाइप १ ची खात्री करण्यासाठी रक्तातील प्रतिपिंडे तपासतात. जीएडी, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर ८ ही त्यांची नावे. शरीर स्वतःचे इन्सुलिन किती बनवते हे सी-पेप्टाइडवरून कळते, पण आजाराच्या पहिल्या दिवसांत आणि हनिमून काळात तो आकडा फसवा असू शकतो. काही वर्षांनी तो अधिक खरे बोलतो. या चाचण्या खर्चिक आहेत आणि त्यांचे नमुने मोठ्या शहरात जातात. त्यांच्यासाठी इन्सुलिन एक दिवसही थांबविण्याचे कारण नाही. शिवाय प्रतिपिंडे सापडली नाहीत म्हणून टाइप १ नाही, असेही होत नाही. पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादचे सीसीएमबी आणि इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठ यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, जनुकीय जोखमीच्या गुणांकनाने भारतीय रुग्णांतील टाइप १ वेगळा ओळखता येतो, असे दिसून आले. ते अजून रोजच्या दवाखान्यात आलेले नाही, पण दिशा आशादायक आहे.

टाइप २ पूर्वी मुलांत ऐकिवात नव्हता. वासिंद-आसनगाव पट्ट्यात चाळी-इमारती वाढल्या, शाळेबाहेर पाकिटबंद खाऊच्या माळा लटकू लागल्या, शेतावरचे काम सुटले. तेथे तो दिसू लागला तर नवल नाही. साधारणतः वयात आल्यानंतर, वजन जास्त असलेल्या, आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असलेल्या मुलात तो हळूहळू येतो. मानेवर आणि काखेत काळसर, जाड, मखमलीसारखा पट्टा उमटतो. तो मळ समजून आई तो घासत राहते; घासून तो जात नाही, कारण शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते. मात्र लठ्ठ मुलालाही टाइप १ होऊ शकतो, हे विसरता कामा नये. कीटोन निघाले तर आरंभी त्यालाही इन्सुलिनच द्यावे लागते.

सहा महिन्यांच्या आत सुरू झालेला मधुमेह हा जवळजवळ कधीच टाइप १ नसतो. तो बहुधा एकाच जनुकातील दोषाचा असतो. येथे प्रकाराचे निदान चमत्कार घडवू शकते. केसीएनजे११ या जनुकाचा संबंध २००४ साली उघड झाला आणि २००६ साली असे दाखविण्यात आले की, अशा बहुतेक बाळांचे इन्सुलिन बंद करून ग्लिबेनक्लामाइडसारख्या स्वस्त गोळीवर त्यांना ठेवता येते. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये अशी जनुकतपासणी होते. आजोबा, वडील, मुलगा अशा तीन पिढ्यांत, सडपातळ असूनही तरुणपणीच सौम्य मधुमेह दिसत असेल, तर मोडी या गटाचा विचार करावा. त्यातील एका प्रकारात साखर जन्मभर थोडीशीच वाढलेली राहते आणि बहुतेक वेळा औषधाचीही गरज नसते. आणि वारंवार पोटदुखीचा इतिहास, तेलकट शौच व त्यासोबत मधुमेह असेल, तर पोटाचा साधा एक्स-रे काढावा. स्वादुपिंडात खडे दिसले की निदान झाले. शंभर रुपयांच्या मोलाचा विचार कधी कधी हजारो रुपयांच्या चाचण्या वाचवितो.

या दोन तालुक्यांना सर्वांत जवळचा प्रकार अखेरीस. भुकेतून येणारा मधुमेह. जमैकात ह्यू-जोन्स यांनी १९५५ साली कृश, कुपोषित, भरपूर इन्सुलिन लागणारे, पण कीटोन न होणारे रुग्ण वर्णिले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली कुपोषणजन्य मधुमेह हा स्वतंत्र वर्ग मानला आणि १९९९ साली पुरावा अपुरा म्हणून काढून टाकला. गरिबांच्या आजाराचे नावच पुस्तकातून पुसले गेले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजसोबत केलेले संशोधन २०२२ साली आले. त्यात या रुग्णांचे शरीर इन्सुलिनला दाद देते, पण ते बनविण्याची शक्तीच खुंटलेली असते, असे मोजून दाखविले गेले. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली आणि निकष ठरविण्यासाठी कार्यगट नेमला.

याच संदर्भात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम आठवावे. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासाने, आईच्या पोटातील उपासमार मुलाच्या पुढील आयुष्याचा मधुमेह ठरवू शकते, हे दाखविले. जन्मतः आपली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा हलकी, पण त्या मानाने चरबी अधिक असलेली निघाली. तेव्हा शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी पाड्यांवरील कमी वजनाचे जन्म हा केवळ अंगणवाडीच्या तक्त्याचा विषय राहत नाही.

टाइप ५ ची ओळख येथे का महत्त्वाची? कृश किशोराला टाइप १ समजून इन्सुलिनची पूर्ण मात्रा दिली आणि घरी त्या रात्री चूलच पेटली नाही, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. उलट टाइप १ च्या मुलाला 'हा भुकेचा मधुमेह' म्हणून इन्सुलिन नाकारले, तर ते दगावते. दोन्ही चुकांत दुसरी अधिक तातडीची, म्हणून क्रम ठरलेला आहे : मुलात कीटोन असोत वा शंका असो, आधी इन्सुलिन, त्यानंतर वजन, उंची, कीटोन होतात का, मात्रा किती लागते, घरात काय शिजते, यांची काही महिने नोंद, आणि मग तज्ज्ञाकडून प्रकाराचा निर्णय. पाड्यावरील मुलाच्या बाबतीत ही नोंद प्रयोगशाळेइतकीच मोलाची आहे.

नोंद राहते का, हा खरा प्रश्न. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. ज्या डॉक्टरने निदान केले तो एकीकडे, मूल दुसरीकडे. भट्टीजवळच्या दवाखान्यात आई 'त्याला सुई चालू आहे' एवढेच सांगू शकते. आश्रमशाळेतील मुलाचे दुःख वेगळे. तेथे रात्री अंथरूण ओले झाले की आधी थट्टा होते, मग शिक्षा होते, आणि मूल खंगले की 'घरी घेऊन जा' असा निरोप पालकांना जातो. जे लक्षण अधीक्षकांच्या डोळ्यांपुढे रोज घडत होते, ते चिकित्सेपासून दूर, डोंगरावरच्या पाड्यावर पाठविले जाते.

इटलीतील पार्मा या भागात याच लक्षणावर मोहीम बांधण्यात आली. पूर्वी कोरडे राहणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, खूप पाणी पिऊ लागले, तर मधुमेह तपासा, एवढाच मजकूर असलेली भित्तिपत्रके १९९१ पासून शाळांमध्ये लावली, बालरोगतज्ज्ञांना साखर तपासण्याची साधने दिली. नव्याने निदान होणाऱ्या मुलांपैकी आम्लावस्थेत पोहोचलेल्यांचे प्रमाण ७८ टक्के होते, ते काही वर्षांत साडेबारा टक्क्यांवर आले. औषध नवे नव्हते, रुग्णालय नवे नव्हते.

हे येथे अशक्य नाही. शाळा-अंगणवाड्यांतील मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यातून, देशभर सुरू झाला. त्याच्या मूळच्या तीस आजारांच्या यादीत मधुमेह नव्हता. पण पथकाच्या पिशवीत ग्लुकोमीटर ठेवायला आणि चार लक्षणे विचारायला कोणाची आडकाठी असणार? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय, पुढे उल्हासनगर, ठाणे, कळवा आणि परळचे वाडिया बालरुग्णालय, अशी वाट उपलब्ध आहे. त्या वाटेवर मुलाला वेळेत आणून सोडणारा माणूस मात्र गावातलाच असावा लागतो : आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक, आरोग्यरक्षक.

अशा प्रत्येक मुलाच्या गळ्यात किंवा दप्तरात प्लास्टिकच्या पाकिटात एक पुठ्ठा असावा. त्यावर निदानाची तारीख, त्या दिवशीची साखर, कीटोन होते की नव्हते, वजन, सध्याची इन्सुलिनची मात्रा आणि उपचार करणाऱ्या रुग्णालयाचा दूरध्वनी लिहावा. मागील बाजूस ठळक मराठीत दोन ओळी : 'इन्सुलिन बंद करू नये. गुंगी किंवा घाम आल्यास आणि शुद्ध असल्यास लगेच साखर द्यावी.' विजेचा भरवसा नाही अशा घरात इन्सुलिनची बाटली पाण्याच्या माठाजवळ, ओल्या वाळूत ठेवलेल्या लहान मडक्यात, पाणी आत शिरणार नाही अशी बंद करून ठेवता येते. फोडलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवावी. कुटुंब भट्टीवर निघाले की मडकेही सोबत निघावे आणि पुठ्ठाही.